रीजन्सी प्रेमकथांचे वाचक, आपापले अनुभव सांगा

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार पाहू शकेना, म्हणून 1811 मध्ये युवराज रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, झाला आणि 1820 मध्ये राजा वारल्यावर तोच गादीवर बसला. मधली जेमतेम नऊ वर्षं म्हणजे रीजन्सी, पण त्यांच्यावर बेतलेल्या प्रेमकथांनी कपाटंच्या कपाटं भरली आहेत. कादंबरीकार जेन ऑस्टिन त्याच काळात जगली आणि लिहीत होती. पुढे जॉर्जेट हेअर या लेखिकेने 1935 पासून तो काळ कादंबरीत नव्याने उभा केला आणि हा प्रकार रुजला.

मला ही पुस्तकं मनापासून आवडतात. 'टाइमपास' म्हणून कुणी ती झटकली की वाईट वाटतं. त्या काळच्या बड्या घरांतल्या मुलीला आयुष्यात एकच मोठा निर्णय घ्यायची मुभा होती, लग्नाचा, तोही परत न फिरवता येणारा. ही पुस्तकं त्या एका निर्णयाला तीनशे पानं देतात.

आल्मॅक्सचंच घ्या. लंडनच्या किंग स्ट्रीटवरचं सभागृह, मेजवान्यांच्या मोसमात दर बुधवारी नाच. नुसता पैसा असून आत जाता येत नसे. कुणाला प्रवेश द्यायचा ते उमराव घराण्यांतल्या मूठभर बायका ठरवत. रात्री अकराला दारं बंद. खायला पातळ कापलेला पाव आणि लोणी, प्यायला लेमोनेड नाहीतर चहा. एवढ्यासाठी मुलींच्या आया जिवाचं रान करत, कारण तिथे नकार आला की चांगली स्थळं हातची गेलीच म्हणून समजा. पुरुषांच्या राज्यात बायकांच्या हाती आलेली ही खरीखुरी सत्ता, आणि ती चालली दुसऱ्या बायकांच्या लेकींवर. हे वाचताना मला आजही राग येतो.

तुम्हाला यातलं काय भिडलं, काय खटकलं? सविस्तर लिहा.

निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

ही पुस्तकं आमच्या घरात बायकोची. एकदा सहज उचललं, तर पहिल्याच प्रकरणात व्याजाचं गणित! तेव्हापासून मी सोडलेली नाहीत.

'अमक्या मुलीचे दहा हजार पौंड' असं वाक्य आलं की तिला वर्षाला चार-पाचशे मिळतात असं ओघात सांगून टाकतात. हे कसं? सरकारी कर्जरोखे, म्हणजे कॉन्सोल्स, होते तीन टक्क्यांचे. पण नेपोलियनशी युद्ध चालू असल्याने शंभराचा रोखा बाजारात साठ-पासष्टच्या आसपास मिळे, म्हणून हाती पडणारा परतावा पाचच्या घरात जाई. मुद्दलाला हात न लावता त्या व्याजावर जगायचं, ही त्या वर्गाची रीत. (हे रोखे इतके चिवट की शेवटचे उरलेले सरकारने 2015 मध्ये फेडले.)

खरी कथा असते लग्नाआधीच्या करारात. वकील दोन्हीकडचे. मुलीला वरखर्चाला दरसाल किती, नवरा आधी गेला तर तहहयात किती, धाकट्या मुलांच्या वाट्याला किती, सगळं लिहून विश्वस्तांच्या ताब्यात. इस्टेट थोरल्याची, धाकट्यांनी सैन्यात, आरमारात किंवा चर्चमध्ये जायचं. सैन्यातली बरीचशी अधिकारपदं तर 1871 पर्यंत विकत घ्यावी लागत. त्यामुळे धाकटा मुलगा देखणा असला तरी मुलीची आई का धास्तावते, ते मला चटकन कळतं. वारसाच्या खात्यांवरून भांडणारी भावंडं मी नोकरीभर समोर बसलेली पाहिली आहेत. पैशाचं आधी स्वच्छ बोलून मग प्रेम करणारी जोडपी मला जास्त प्रामाणिक वाटतात.

नाटकांची वेशभूषा करणारी, पुणे

मी एका हौशी प्रयोगासाठी त्या काळचे झगे शिवले. चित्रात सोपे दिसतात: छातीखाली कंबर आणि खाली सरळ घोळ. पण बेतायला घेतलं की कळतं, पाठीचा तुकडा कमालीचा अरुंद असतो आणि बाहीचा मुंढा पार मागे सरकलेला. अंगात घातल्यावर खांदे आपोआप मागे ओढले जातात. आमची नायिका तालमीत पोक काढून उभी राहायची. झगा चढवल्यावर ती ताठ झाली, मान लांब झाली आणि संवादसुद्धा वेगळे यायला लागले. पुढे झुकून काही उचलायचं म्हणजे मोठी कसरत.

मलमल इतकी झिरझिरीत की आत दुसरा थर हवाच. खिशाला जागा नाही, म्हणून हातात छोटी थैली. आणि वर काश्मिरी शाल. ती मलमल ढाक्याची, शालीवरची कोयरी आपली. अस्सल शाल परवडेना तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेझली गावाने नक्कल विणली आणि नक्षीला नाव त्या गावाचं पडलं. कादंबरीत नायिकेच्या खांद्यावरून शाल घसरते, तेव्हा मला महिनोन्महिने मागावर बसलेला श्रीनगरचा विणकर दिसतो. त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात येत नाही.

कौटुंबिक न्यायालयातली वकील, मुंबई

पळून जाऊन लग्न हा या कथांचा हुकमी प्रसंग. त्यामागे इंग्लंडचा 1753 चा विवाह कायदा आहे. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा जाहीर पुकारा, नाहीतर परवाना. आणि परवान्याने लग्न करायचं तर एकविसाच्या आतल्यांना वडिलांची किंवा पालकाची संमती. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, म्हणून सीमेपलीकडचं पहिलं गाव, ग्रेटना ग्रीन, प्रसिद्धीला आलं.

लग्नानंतर मात्र बाईची कायद्यातली स्वतंत्र ओळखच संपायची. तिची रोकड, दागिने, कमाई नवऱ्याची. विश्वस्तांकडे बांधून ठेवलं असेल तेवढं वाचायचं. घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करायचं तर 1857 पर्यंत पार्लमेंटमध्ये स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. विवाहितांच्या मालमत्तेचे कायदे आले 1870 आणि 1882 मध्ये.

हे आपल्यापासून दूर नाही. वैवाहिक हक्क पुन्हा प्रस्थापित करण्याचा दावा इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आला, आणि त्याच हत्याराने मुंबईत रखमाबाईंवर खटला भरला गेला. लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि 1887 मध्ये 'नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग' असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली, पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. गंमत नव्हे, संतापाची गोष्ट अशी की खुद्द इंग्लंडने या दाव्यातली कैद 1884 मध्येच काढून टाकली होती. हा दावा आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये अजून आहे. मी तो चालवते, आणि घरी येऊन ड्यूकच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, गोष्टी वाचते. त्या गोष्टीत नायिकेला नको असलेल्या घरात कुणी ओढून नेऊ शकत नाही, म्हणून वाचते.

स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

पुस्तकं लग्नाशी किंवा पाळण्याशी थांबतात. मला पुढचं दिसत राहतं. रीजंटची एकुलती एक मुलगी, राजकन्या शार्लट, हिने 1816 मध्ये जर्मन राजपुत्र लिओपोल्डशी मनासारखं लग्न केलं. 1817 च्या नोव्हेंबरात दोन दिवसांहून लांबलेल्या कळांनंतर मृत मुलगा जन्मला आणि काही तासांत तीही गेली. वय 21. सगळा देश सुतकात. तिच्या प्रसूतीची जबाबदारी असलेल्या क्रॉफ्टने पुढच्या वर्षी आत्महत्या केली. राजघराण्यात ही गत, मग बाकीच्यांचं काय? उपसंहारातली गोंडस बाळं वाचताना मी श्वास रोखून धरते.

शिक्षिका, नागपूर

माझं थोडक्यात. कांदेपोह्यांच्या काळात ही पुस्तकं वाचली. नायिका समोरच्याला तोंडावर नाही म्हणते आणि कारणही सांगते, ते वाचून बळ आलं. एका स्थळाला मी स्वतः फोन करून नकार कळवला, काकांकरवी नाही.

ब्रिस्टलहून

बाथ शहर इथून जवळ. 1771 ची असेंब्ली रूम्स, म्हणजे नाच आणि गाठीभेटींची दालनं, बघून घ्या. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात आतून जळाली होती, पुन्हा उभी केली. नाचाच्या दालनाच्या खिडक्या इतक्या उंचावर आहेत की रस्त्यावरच्याला आतलं काही दिसू नये. पुस्तकात हे कितीही वाचलं तरी तिथे उभं राहिल्यावर आत असण्याची किंमत कळते.

इतिहासाचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

मीही आवडीने वाचतो, पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. यातल्या कित्येक घराण्यांचा पैसा वेस्ट इंडीजच्या साखरेचा, म्हणजे गुलामांच्या श्रमाचा होता. ब्रिटनने गुलामांचा व्यापार 1807 मध्ये बंद केला, गुलामी संपवण्याचा कायदा 1833 मध्ये केला, आणि भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले ते मालकांना. राबलेल्यांना काही नाही. ठाण्याच्या काकांनी करार इतका छान उलगडला. पण त्या दहा हजारांचं मूळ कुठलं, हे कथेत क्वचितच कुणी विचारतं. वाङ्निश्चय झाल्यावर होणाऱ्या नवऱ्याला हा प्रश्न विचारणारी आणि उत्तर ऐकून मग ठरवणारी नायिका कुणी वाचली असेल तर पुस्तकाचं नाव नक्की द्या.