मदत हवी आहे : जिओडा सॉफ्टवेअरमध्ये सीमेवरच्या गावांचे शेजारीच गायब

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टसाठी २०११ च्या जनगणनेचा बेळगाव जिल्ह्याचा गाववार डेटा घेतलाय, एकूण कामगारांत शेतमजूर किती टक्के ते नकाशावर टाकून कुठं कुठं गावं झुपक्यानं एकसारखी आहेत ते बघालोय. (निपाणी तालुका शोधत बसू नका, त्यात ती चिकोडीच्या पोटात आहे, बैलहोंगल संपगाव म्हणून आणि सौंदत्ती परसगड म्हणून.) क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) इक्वल इंटरव्हल (आकड्यांचे समान अंतराचे गट) लावलं की एक जिल्हा दिसतो, क्वांटाइल (प्रत्येक गटात सारखीच गावं) लावलं की दुसराच, म्हणून सर म्हणाले नुसत्या रंगावर जाऊ नको, जिओडात लोकल मोरान काढ, म्हणजे कुठलं गाव शेजाऱ्यांशी किती मिळतंजुळतं ते आकड्यानं कळतं.

तर क्वीन कंटिग्युइटीनं वेट्स (कोण कुणाचा शेजारी त्याची यादी) केले, म्हणजे हद्दीचा कोपरा चिकटला तरी शेजारी. आता कनेक्टिव्हिटी मॅपवर कोगनोळीवर कर्सर नेला की उजळतात ती फक्त इकडचीच गावं, टोलनाक्यापुढचं महाराष्ट्रातलं कागल त्याच्या हिशेबी नाहीच! तिकडची माणसं इकडं, इकडची तिकडं कामाला जातात ते कोण सांगणार त्याला. मग या कडेच्या गावांना आलेला रंग खरा धरायचा का? का ती गावं सरळ काढून टाकू?

अथणीकर : काढू नका ओ, काढली की कड आणखी आत सरकते, दुखणं तेच. उलट पलीकडची घ्या. शिरोळ, कागल, गडहिंग्लज, चंदगड, आमच्या बाजूला जत, सगळ्यांची गावं क्यूजीआयएसच्या मर्जनं एकाच लेयरमध्ये आणा, हिशेब सगळ्यांचा करा आणि लिहिताना आपल्या जिल्ह्यापुरतंच लिहा. जॉइन करताना (आकडे नकाशाला जोडताना) गावाचा कोड एकीकडं टेक्स्ट आणि दुसरीकडं नंबर असला तर कधीकधी जुळत नाही, ते आधी बघा. आणि दोन राज्यांच्या फाइली वेगळ्या ठिकाणच्या असल्या तर शिवेवर बारीक फट राहते, डोळ्याला दिसत नाही पण क्वीनला ती गावं चिकटलेली वाटत नाहीत. वेट्स करताना प्रिसिजन थ्रेशोल्ड (किती फट चालेल ती मर्यादा) थोडा वाढवा, नाहीतर के-निअरेस्ट नेबर्स (सगळ्यात जवळची ठरावीक गावं शेजारी धरायची) वापरा, सहा शेजारी घेऊन बघा.

जांबोटीची ताई : दादा, खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांकडं पण लक्ष असू दे. चाळीस कामगारांच्या गावात चार माणसं इकडची तिकडं झाली की दहा टक्के हलतात, मग उगीच लालभडक दिसतं. लोकल मोरानमध्येच ईबी रेटचा पर्याय (लहान गावांच्या डळमळीत टक्केवारीची दुरुस्ती करणारा) आहे, त्यात इव्हेंट म्हणून शेतमजूर आणि बेस म्हणून एकूण कामगार द्यायचे, टक्केवारी काढून द्यायची नाही. शिवाय एवढ्या गावांत ०.०५ वर (योगायोगाची पाच टक्के मुभा) काही गावं नुसत्या योगायोगानं रंगतात, परम्युटेशन (आकडे गावांत उलटसुलट वाटून घेतलेल्या चाचण्या) ९९९ वरून वाढवा आणि ०.०१ लावून काय टिकतंय बघा.

धागाकर्ता : लई उपकार झाले दोघांचे. आज कागलपासनं सुरू करतो. ताई, खानापूरला गोव्याकडचं सत्तरी पण जोडावं लागेल काय?

जांबोटीची ताई : हो, आणि खाली जोयडा-हल्याळ पण. ते कर्नाटकातच असलं तरी जिल्हा बदलला की तुमच्या फाइलीत नाहीच की.