चिरण्याच्या कामासाठी घडीचा चाकू निवडताना नेमके काय पाहावे?

रानवाट (प्रश्न)

खिशात मावेल असा एक घडीचा चाकू घ्यायचा आहे आणि त्याचे मुख्य काम चिरण्याचे असेल: फळे, भाज्या, पुठ्ठ्याची खोकी, क्वचित दोरी. सध्याच्या चाकूचे पाते पाठीकडे जवळजवळ ४ मि.मी. जाड आहे. त्याची धार मी काळजीपूर्वक राखतो. हातावरचे केस तिने सहज निघतात आणि कागद कुठेही न अडखळता कापला जातो. तरीही सफरचंदात अर्ध्यापर्यंत गेल्यावर पाते अडते, आणि फोड चिरली जाण्याऐवजी तडकून सुटते. विक्रेत्यांच्या माहितीत पोलादाच्या नावांवरच सगळा भर असतो, त्यामुळे कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावे हे ठरवता येत नाही. पाते उघडे असताना ते जागेवर पक्के धरणारे कुलूप असावे, एवढी एक अट आहे. देखभाल करण्याची तयारी आहे.

निसणा

केस काढणारी धार असूनही सफरचंद तडकते, याचे कारण धारेच्या मागे असलेल्या धातूत आहे. धार फक्त पहिला छेद घेते. त्यानंतर त्या छेदातून अख्ख्या पात्याला वाट काढावी लागते आणि जाड पाते पाचरेप्रमाणे दोन्ही बाजू दूर लोटू लागते. टोमॅटोसारखा मऊ पदार्थ वाकून वाट देतो, म्हणून तिथे हा दोष लक्षातही येत नाही. सफरचंद, गाजर आणि जाड पुठ्ठा वाकत नाहीत. ते एक तर तडकतात किंवा पात्याला दोन्ही अंगांनी आवळून धरतात.

आकड्यांत पाहिले तर फरक किती मोठा आहे हे कळेल. समजा, पात्याची रुंदी २४ मि.मी. आहे, पाठ ४ मि.मी. जाड आहे आणि धारेच्या लगेच वर धातूची जाडी ०.६ मि.मी. आहे. उतार, म्हणजे धारेकडे बारीक होत जाणारा भाग, पाठीपासून धारेपर्यंत सलग दिलेला असेल, तर पात्याच्या दोन बाजूंमधला कोन सुमारे ८ अंश होतो. तोच उतार अर्ध्या रुंदीपासून खाली दिलेला असेल (दणकट दिसणाऱ्या बऱ्याच चाकूंत तो तसाच असतो), तर तेवढीच जाडी १२ मि.मी.मध्ये उतरवावी लागते आणि कोन १६ अंशांवर जातो. याउलट पाठ २ मि.मी. आणि धारेमागची जाडी ०.४ मि.मी. असलेल्या, सलग उताराच्या पात्यात हा कोन ४ अंशांच्याही आत राहतो. आपल्या तक्रारीचे मूळ याच फरकात आहे, आणि कितीही महागडे पोलाद घेतले तरी तो भरून निघत नाही.

म्हणून माझ्या मते पाहण्याचा क्रम असा असावा: आधी धारेमागची जाडी, मग उतार किती उंचीपासून सुरू होतो ते, मग पाठीची जाडी आणि सर्वांत शेवटी पोलाद. अडचण अशी की यातली पहिली गोष्ट कोणी छापत नाही. तिचा अंदाज मात्र छायाचित्रावरूनही घेता येतो. धारेलगत जी चमकदार अरुंद पट्टी दिसते, तिची रुंदी पाहावी. दर बाजूला २० अंशांनी धार लावलेली असेल आणि मागे ०.८ मि.मी. धातू असेल, तर ती पट्टी १.२ मि.मी.च्या आसपास भरते. त्याच कोनाला ०.४ मि.मी. धातू असेल तर ती जेमतेम ०.६ मि.मी. दिसते. पट्टी जितकी अरुंद, तितके पाते तिथे बारीक, असे बहुतेक वेळा खात्रीने म्हणता येते.

दोरखंड

वरील विवेचनाशी सहमत आहे. त्यात बसणारी काही ठोस नावे देतो.

ओपिनेलचा ८ क्रमांकाचा चाकू चिरण्यासाठी आजही फार उत्तम आहे. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा नमुना तयार केला. ८ क्रमांकाच्या पात्याची लांबी ८.५ सें.मी. असून पाठ २ मि.मी.पेक्षाही कमी जाड असते. त्याच्या बाजू किंचित फुगीर असल्यामुळे ओल्या चकत्या पूर्ण सपाट पात्याइतक्या चिकटून राहत नाहीत. मुठीच्या तोंडाशी असलेले फिरते कडे हे त्याचे कुलूप. ते १९५५ पासून आहे आणि साधे असूनही भरवशाचे आहे. लाकडी मूठ ओली झाल्यावर फुगते आणि पाते उघडणे जड जाते, ही त्याची खरी मर्यादा आहे, त्यामुळे तो पाण्यात बुडवून ठेवू नये. कार्बन पोलादाचे पाते आंबट फळांनी काळवंडते. ते रोज पुसणे जमणार नसेल तर गंजरोधक पात्याचा प्रकार घ्यावा.

व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मि.मी. लांबीच्या चाकूंतले मोठे पातेही सुंदर चिरते, परंतु त्या आकारात पात्याला कुलूप नसते, केवळ स्प्रिंगचा दाब असतो. म्हणजे आपली अट तिथे पूर्ण होत नाही. एका हाताने उघडणारा हवा असेल तर स्पायडर्कोचा डेलिका पाहावा. त्याचे पाते २.५ मि.मी. जाडीचे आहे आणि कुलूप मुठीच्या पाठीवर आहे. मात्र सलग सपाट उताराचाच प्रकार मागून घ्यावा.

रानवाट

दोन शंका आहेत. इतके बारीक पाते लवकर तुटणार किंवा धार मुडपणार नाही का? आणि पोलादाला शेवटचे स्थान देणे मला थोडे टोकाचे वाटते. पुठ्ठा कापताना धार किती भराभर जाते हे मी रोज पाहतो.

निसणा

तुटण्याची भीती पात्याकडून कोणते काम करून घेणार यावर अवलंबून आहे. डबे उचकटणे, लाकडात टोक रुतवून पिळणे, तार कापणे ही कामे करायची असतील तर बारीक पाते घेऊच नये. सरळ रेषेत चिरताना पात्यावर आडवा जोर जवळजवळ येत नाही, त्यामुळे दर बाजूला १५ अंशांची धार सामान्य पोलादावरही व्यवस्थित टिकते. फळी मात्र लाकडाची असावी. काच, दगड किंवा चिनी मातीची थाळी धारेला क्षणात मुडपते.

पुठ्ठ्याविषयी आपले निरीक्षण बरोबर आहे. पुठ्ठ्यात खनिजांचे कण असतात आणि ते धार झिजवतात. व्हॅनेडियम अधिक असलेली पोलादे, उदाहरणार्थ सुमारे ४ टक्के व्हॅनेडियमचे एस३०व्ही, या झिजेला चांगले तोंड देतात, कारण त्यांत कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाचे, अतिशय कठीण कण असतात. परंतु तेच कण अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या साध्या निसण्यापेक्षाही कठीण असल्यामुळे धार लावायला हिऱ्याची पाटी घ्यावी लागते. शिवाय धार थोडी बोथटली तरी बारीक पाते पुठ्ठ्यातून पुढे सरकत राहते, आणि हा गुण पोलाद बदलून मिळत नाही. आपले निम्मे काम पुठ्ठ्याचे असेल तर पोलादाला मी एक पायरी वर नेईन. त्याहून अधिक नाही.

तासणी

धार कशी लावलेली आहे, हा मुद्दा राहून गेला. आरशासारखी गुळगुळीत धार सरळ दाबून कापायला चांगली. पाते ओढत चिरायचे असेल, विशेषतः टोमॅटोची साल किंवा दोरी, तर ६०० ते १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा; तो जितका मोठा, तितका निसणा बारीक) निसण्यावर थांबलेली, किंचित खरखरीत धार अधिक पकड घेते. मात्र धारेच्या पलीकडे वळलेली धातूची बारीक कड, म्हणजे बर, पूर्ण काढली पाहिजे. त्यासाठी शेवटचे काही हात अगदी हलक्या दाबाने, बाजू बदलत फिरवावेत आणि मग चामड्यावर थोडे घासावे. कोन बरोबर बसतो आहे का हे पाहायचे असेल, तर धारेची पट्टी मार्करने काळी करून दोन हात फिरवावेत. शाई जिथे उरली, तिथे निसणा पोचलेला नाही.

आणखी एक गोष्ट. दर वेळी फक्त धारच पाजवत गेल्यास ती हळूहळू पात्याच्या जाड भागाकडे सरकते, आणि आज उत्तम चिरणारा चाकू काही वर्षांनी जड वाटू लागतो. चमकदार पट्टी रुंद झालेली दिसली की पाते निसण्यावर अधिक आडवे धरून धारेमागचा धातू आधी उतरवावा आणि मगच नेहमीच्या कोनात धार लावावी. आपल्या जुन्या चाकूवरही हे करता येईल, ४ मि.मी.ची पाठ जाणार नाही, पण पहिल्या काही मिलिमीटरमधला अडथळा बराच कमी होईल.

रानवाट

गंजरोधक पात्याचा ८ क्रमांकाचा ओपिनेल घेतो आहे. जुन्या चाकूची पट्टी मोजली, ती १.५ मि.मी.हून थोडी जास्तच भरली. धारेमागचा धातू उतरवायला कोणत्या ग्रिटपासून सुरुवात करावी?

तासणी

इतकी रुंद पट्टी असेल तर २०० ते ३०० ग्रिटच्या खडबडीत निसण्यापासून सुरुवात करावी आणि पाणी सतत टाकत राहावे. यंत्राच्या चाकावर हे काम करू नये. धारेजवळचा धातू तापून त्याचा कठीणपणा निघून जातो, आणि पाते नीट राहिलेले दिसले तरी धार टिकत नाही.