मदत हवी आहे : बीटा एचसीजी दुप्पट झालं नाही, काय समजायचं?

चाफा
गरोदर आहे. रक्तातलं बीटा एचसीजी (गर्भारपणात वाढणारं हार्मोन) आधी ११८० होतं, आज १७९० आलंय. दोन दिवसांत दुप्पट व्हायला हवं असं सगळीकडे वाचलं, म्हणजे २३६० तरी यायला हवं होतं ना? रिपोर्टखालच्या तक्त्यात पाचव्या आठवड्यासमोर १८ ते ७३४० लिहिलंय. एवढ्या फरकातून काय कळणार? डॉक्टरांची वेळ उद्या संध्याकाळची आहे, तोवर जिवाला चैन नाही. कुणाचं असं होऊन पुढे नीट झालंय का? प्लीज लवकर सांगा.

रानवारा
किती आठवडे झाले? शेवटच्या पाळीपासून मोजताय की टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून? तक्त्यातले आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पोटात दुखतंय का, डाग दिसतायत का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

सुमेधा_र
प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला लागणारं हार्मोन) तपासलं का? माझंही बीटा हळूहळू वाढत होतं. प्रोजेस्टेरॉन कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या आणि आज लेक शाळेत जाते. उद्या आठवणीने मागून घ्या.

निशिगंध
सुमेधाताई, लेकीबद्दल मनापासून आनंद आहे, पण गोळ्यांमुळेच टिकलं असं म्हणता येत नाही. बीटा वाढतं ते गर्भाभोवतीच्या, पुढे वार बनणाऱ्या पेशींमुळे. तेच बीटा अंडाशयातल्या कॉर्पस ल्यूटियमला (अंडं बाहेर पडल्यावर तिथे तयार होणाऱ्या ग्रंथीला) प्रोजेस्टेरॉन बनवत राहायला सांगतं. त्यामुळे गर्भच वाढत नसेल तर प्रोजेस्टेरॉन त्याचा परिणाम म्हणून उतरतं. बाहेरून देऊन बीटा वाढत नाही.

सुमेधा_र
म्हणजे डॉक्टर उगीच देतात का? मी स्वतः अनुभवलंय ते सांगतेय.

निशिगंध
उगीच नाही, पण सगळ्यांसाठीही नाही. प्रोजेस्टेरॉन देऊन पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या प्रिझम चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव होणाऱ्या चार हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. सगळ्या मिळून फारसा फरक दिसला नाही. ज्यांचे आधी गर्भपात झाले होते त्यांच्यात मात्र फायदा दिसला. चाफाने तसं काही लिहिलेलं नाही.

लॅबवाली
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज हे रिपोर्ट काढते. चाफा, दोन्ही नमुने एकाच लॅबचे का? आणि रक्त किती वाजता दिलं? 'दोन दिवस' चालणार नाही, तास हवेत. प्रत्येक कंपनीचं किट वेगळं मोजतं, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून वाढ काढायची नसते. नमुना घेतल्याची वेळ रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात असते, ती बघा. रिपोर्ट छापल्याची वेळ वेगळी.

मनवा
घरच्या टेस्टला फिकट रेघ आली तरी पॉझिटिव्हच धरायची बरं का. बऱ्याच पट्ट्या २५ च्या आसपास बीटा असेल तर रेघ दाखवतात. रक्तात ५ च्या खाली म्हणजे निगेटिव्ह, ५ ते २५ मध्ये असेल तर पुन्हा तपासायचं.

रानवारा
मनवा, त्यांचं बीटा हजाराच्या वर आहे. रेघेचा प्रश्न कधीच मागे पडला.

चाफा
लॅब एकच. पहिला नमुना सोमवारी संध्याकाळी ६ वाजता, दुसरा बुधवारी सकाळी ८ ला. पाळीपासून पाच आठवडे झालेत. कालपासून तपकिरी डाग आहेत, थोडेच. दुखत नाही. पण मग ठीक आहे की नाही?

लॅबवाली
हे ३८ तास झाले, ४८ नाहीत! ३८ तासांत साधारण ५२ टक्के वाढ आहे. याच वेगाने ४८ तासांना ७० टक्क्यांच्या जवळ जाते. आणि दुप्पट व्हायलाच हवं असा नियम नाही. पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत किमान ४९ टक्के वाढ अपेक्षित धरतात. आकडा वर गेला की वेग आणखी मंदावतो, ३००० च्या पुढे ३३ टक्केही चालतात. तुमची वाढ यात बसते. तक्त्याची रेंज विसरा, एका आकड्यावरून काही ठरत नाही.

निशिगंध
सहमत. आता आकड्यांच्या मागे लागू नका, शांतपणे सोनोग्राफीची वाट बघा.

रानवारा
नुसतं 'शांतपणे वाट बघा' नका सांगू. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत (नळीत) असतानाही बीटा अगदी नीट वाढू शकतं, आणि इथे डाग आहेत. चाफा, एका बाजूला दुखू लागलं, खांद्याच्या टोकाशी दुखलं, चक्कर आली किंवा रक्तस्राव वाढला तर उद्याच्या वेळेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी तातडीने हॉस्पिटल. माझ्या बहिणीच्या बाबतीत हे घडलंय, म्हणून इतकं आवर्जून सांगतेय. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

निशिगंध
बरोबर आहे, हे आधी यायला हवं होतं. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी साधारण १५०० ते २००० बीटाला दिसू लागते, पण काहींची ३५०० पर्यंत दिसत नाही. त्यामुळे उद्या पिशवी दिसली नाही तर तेवढ्यावरून काही गृहीत धरू नका. डॉक्टर बहुधा पुन्हा बीटा करायला सांगतील.

चाफा
खूप आभार. तासांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. डॉक्टरांना फोन केला. डाग आहेत म्हटल्यावर उद्या सकाळीच बोलावलंय, सोनोग्राफीही तेव्हाच.

पारिजात_
इथेच विचारते. माझं बीटा दहाव्या आठवड्यात ९८००० होतं, बाराव्यात ७१००० आलं. कमी होतंय म्हणजे संपलं का?

लॅबवाली
नाही हो! ८ ते ११ आठवड्यांत बीटा सगळ्यात वर जातं आणि मग आपोआप उतरतं. तेव्हाच्या घसरणीला घाबरायचं नसतं. ठोके सोनोग्राफीत दिसले का? आणि बाराव्या आठवड्यात बीटा करायला सांगितलं कुणी?