चार अंकी गूढ संख्या: सुरुवात कोणत्या अटीपासून करावी?

कोथरूडचा पालक
माझी मुलगी पाचवीत असून शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावात तिला पुढील कोडे मिळाले. एका चार अंकी संख्येतील सर्व अंक वेगवेगळे आहेत व त्यांची बेरीज १८ आहे. एककस्थानचा अंक शतकस्थानच्या अंकाच्या दुप्पट आहे. हजारस्थानचा अंक दशकस्थानच्या अंकापेक्षा मोठा आहे. संख्येला ४ ने आणि ११ ने निःशेष भाग जातो. तिने बेरीज १८ येणाऱ्या संख्यांची यादी करायला घेतली आणि पान भरले तरी उत्तर हाती लागेना. अशा कोड्यात आधी कोणती अट घ्यावी, याची काही रीत आहे का?

पेठेतील गणितप्रेमी
अटी छापलेल्या क्रमानेच वापरण्याचे बंधन नसते. जिच्यामुळे सर्वाधिक पर्याय गळतात, ती आधी घ्यावी. येथे ती ११ ची कसोटी आहे, मात्र बेरजेच्या जोडीने. हजार व दशक या स्थानांच्या अंकांची बेरीज आणि शतक व एकक या स्थानांच्या अंकांची बेरीज यांतील फरक ० किंवा ११ असला पाहिजे. या दोन्ही बेरजा मिळून १८, म्हणजे सम संख्या, होत असल्याने त्यांच्यातील फरकही समच येणार; अर्थात तो ० आहे आणि प्रत्येक बेरीज ९ आहे. एकक शतकाच्या दुप्पट असल्याने शतक ३ व एकक ६ ठरतात. आता ४ ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर चालते आणि एकक ६ असताना दशक विषमच लागतो. हजार त्याहून मोठा हवा, म्हणून दशक १ किंवा ३. त्यांपैकी ३ आधीच वापरलेला आहे. उत्तर ८३१६. पडताळा: ११ × ७५६ = ८३१६.

कर्वे रस्ता
रीत उत्तमच आहे; परंतु शिष्यवृत्तीच्या प्रश्नाला चार पर्याय दिलेले असतात, तेथे प्रत्येक पर्यायाला ‘एकक शतकाच्या दुप्पट’ ही सर्वांत सोपी अट लावून पाहणे अधिक जलद ठरते. सवय मात्र वरच्या रीतीचीच लावावी, असे माझे मत आहे. ‘सर्व अंक वेगवेगळे’ ही अट मुले बहुधा शोभेची समजतात, पण ती वगळली तर ६३३६ हेही उत्तर चालते. मुलीला उलट कामही द्यावे: उत्तर आधी ठरवून स्वतः अटी रचायच्या. त्यासाठी फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या घ्यावी. तिच्याही अंकांची बेरीज १८ च आहे.

कोथरूडचा पालक
आभारी आहे. एकेक अट वगळून पाहण्याचा खेळ तिला फारच आवडला. ४ ची अट काढल्यावर ९३०६, ८३१६, ७३२६ आणि ५३४६ अशी चार उत्तरे तिने स्वतः शोधली. आता ६१७४ साठी अटी रचणे चालू आहे.