मदत हवी आहे: बीएस्सी नर्सिंगनंतर जर्मनीत पुन्हा आउसबिल्डुंग (तिथला काम करत शिकायचा पगारी कोर्स) करावं का?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला बीएस्सी नर्सिंगच्या आठव्या सेमिस्टरला आहे, इंटर्नशिप चालू आहे. गाव दिंडोरी तालुक्यात, घरी अडीच एकर द्राक्षबाग. येत्या शनिवारी एका करारावर सही करायची आहे आणि आज बुधवार आहे, म्हणून घाईने लिहितेय.

कॉलेजची एक सीनियर ताई जर्मनीला गेली तेव्हापासून माझ्याही मनात तेच आहे. जर्मन भाषेची ए-टू पातळी झाली, त्यापुढच्या बी-वनचा क्लास चालू आहे. नाइट करून आले की दोन तास झोपते आणि ऑनलाइन क्लासला बसते. होस्टेलच्या कपाटाला आतून जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्यात. मराठीतही तीन लिंगं आहेत, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं होतं. चमचा दोन्हीकडे ‘तो’च निघाला, पण आपली ‘ती’ सुरी तिकडे ‘ते’ होते. तरी आवडतंय मला.

आता अडचण. शहरातली एक कन्सल्टन्सी म्हणते, डिग्रीचं विसरा, बारावीच्या मार्कांवर आउसबिल्डुंगला जा, बी-वनवर काम होतं, सहा महिन्यांत विमानात बसाल. एकूण साडेतीन लाख. पन्नास हजार अण्णांनी भरलेत. गेल्या हंगामातले द्राक्षाचे पैसे अजून व्यापाऱ्याकडे अडकलेत, ऑक्टोबर छाटणीला सोसायटीचं कर्ज काढलं, त्यातूनच हे दिले. दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट ‘फाइल बनवायला’ म्हणून त्यांच्याकडेच आहेत. करारात लिहिलंय की मध्येच सोडलं तर चार लाख भरायचे.

आउसबिल्डुंग तीन वर्षांचं. म्हणजे चार वर्षं शिकून पुन्हा पहिल्यापासून विद्यार्थी. गेल्या आठवड्यात वॉर्डात एका आजींची शीर सापडत नव्हती. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा टोचायला माझाच हात धजेना. तर त्याच म्हणाल्या, ‘घाबरू नको पोरी, टोच.’ आणि लागली. हे सगळं शिकलेलं तिकडे काहीच धरत नाहीत का? डिग्रीवर थेट जाता येतं असं ऐकलंय, पण कन्सल्टन्सीवाले सर म्हणतात त्यात दोन-तीन वर्षं नुसती कागदात जातात. अण्णांना वाटतं पोरगी लवकर मार्गी लागावी. आईला वाटतं जाऊच नये. मला जायचंय, पण घरावर बोजा टाकून नाही. खरं काय ते कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

शनिवारी सही करू नकोस, बाकीचं सावकाश वाच. मी पण महाराष्ट्रातूनच डिग्रीवर इथे आले, सध्या वृद्धांच्या वॉर्डात काम करते.

डिग्री शून्य धरत नाहीत. दोन्ही रस्त्यांच्या शेवटी दर्जा एकच मिळतो, फ्लेगेफाखफ्राउ, म्हणजे पूर्ण नर्स. तुझ्या रस्त्याला आनएर्केनुंग म्हणतात, म्हणजे आपल्या शिक्षणाची मान्यता. ज्या राज्यात नोकरी, तिथलं कार्यालय तुझा अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून बघतं. त्यांच्याकडे २०२० पासून नवा कायदा आहे, आउसबिल्डुंगमध्ये किमान २,१०० तास थिअरी आणि २,५०० तास प्रॅक्टिकल. तुझ्यात जे कमी भरेल ते लेखी कळवतात. मग एकतर ठरावीक महिने त्यांच्या देखरेखीखाली काम, नाहीतर एक परीक्षा. तोवर मदतनीस म्हणून काम आणि पगार मिळतो, फक्त पूर्ण नर्सपेक्षा कमी.

म्हणून विषयवार तास दाखवणारं ट्रान्सक्रिप्ट हा तुझा सगळ्यात मोलाचा कागद. आरोग्य विद्यापीठ तुमच्या म्हसरूळलाच आहे, बाकी जिल्ह्यांतल्या मुली त्यासाठी गाडीभाडं खर्चून येतात. निकाल लागला की आधी नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, ते टाळू नकोस.

खरी गोची भाषेची आहे. लायसन्सला बी-वनच्या पुढचं बी-टू लागतं. गोएथे या जर्मन भाषा संस्थेच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६०. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. मी ऐकण्यात अडकले होते, दुसऱ्यांदा पास झाले. बी-वनवर घाईने आलेल्या मुली वर्गात बसून रडताना पाहिल्यात, कारण आउसबिल्डुंगचे सगळे पेपर जर्मनमध्येच असतात. आउसबिल्डुंग वाईट आहे असं नाही. बारावी करून येणाऱ्याला ते उत्तम, पहिल्या वर्षापासून महिना साधारण तेराशे-चौदाशे युरो देणारी सरकारी हॉस्पिटलं आहेत, कापून हातात हजार-अकराशे. पण तुझ्याकडे डिग्री आहे.

एक मनाची तयारी मात्र कर. इथे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नर्सचं काम. आपल्याकडे ते नातेवाईक करतात. आणि तुला ज्या शिरा शोधायची हौस आहे ना, ते पुष्कळ ठिकाणी डॉक्टर करतात. पहिले सहा महिने मला फार लागलं ते. मग एका आजोबांना रोज दाढी करून द्यायला लागले, ते माझं जर्मन सुधारायचे. तेव्हा कुठे कळलं की हीच इथली नर्सिंग.

प्रतिसाद २

ताई, मी नाशिक रोडचा, मुलीच्या वेळी या एजंटांच्या चकरा मारल्यात म्हणून सांगतो. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो, नंबर ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासता येतो. सरकारने त्यांची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच ठरवून दिली आहे. तुमच्याकडून साडेतीन लाख मागतात तर नंबर विचारा, तोंड बघा. तिकडे जर्मन सरकारचा ‘फेअर रिक्रूटमेंट’ शिक्का असलेल्या एजन्सी आहेत, त्यात भरतीचा खर्च हॉस्पिटल उचलतं, मुलीकडून पैसे घ्यायचे नसतात. आणि आधी ओरिजिनल परत घ्या. वडिलांना सोबत न्या, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पन्नास हजाराची पावती आहे का?

मूळ लेखिका

दोघांचे खूप आभार. पावती आहे, पण त्यावर नुसतं ‘मार्गदर्शन शुल्क’ लिहिलंय. आज दुपारी फोन करून परवान्याचा नंबर विचारला, तर म्हणाले शनिवारी समोर बोलू.

ताई, तुम्ही लिहिलेलं अंघोळीचं आईला वाचून दाखवलं. आजी दोन वर्षं अंथरुणाला होती, तिचं सगळं आईनेच केलं. ती एवढंच म्हणाली, ‘मग ते काम तर तुला येतंच.’ आज पहिल्यांदा ती जाऊ नको म्हणाली नाही.

सही करत नाही. उद्या ड्युटी संपली की म्हसरूळला जाऊन ट्रान्सक्रिप्टची चौकशी करते. शनिवारी अण्णा येतायत, मार्कशीट घ्यायला आम्ही दोघं जाऊ. एकच विचारायचं राहिलं: बी-टूचा क्लास निकालाआधीच सुरू करू, की बी-वनची परीक्षा देऊन मग?