मदत पाहिजे: काट्याच्या फाईलमधी तारीख एक दिवस मागं दाखवायली

राम राम मंडळी. लातूरजवळ आमचा छोटा वजनकाटा हाय, सोयाबीनच्या सीझनला रात्रभर ट्रॅक्टर येतेत. काट्याच्या कॉम्प्युटरमधून फाईल काढली तर तारखेच्या जागी नुसते दहा आकडी नंबर. भाचा म्हणला मामा हे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतेत, ८६४०० नं भागा अन २५५६९ मिळवा, एक्सेलला तारीख कळती.

केलं तसं, तारीख आली पण चुकीची. १४ ऑक्टोबर २०२५ ला पहाटे ४:५० ला एक ट्रॉली आली, पावती मी सोता फाडली, कार्बन कॉपी समोर हाय. फाईलमधी नंबर १७६०३९७६०० अन एक्सेल दाखवतंय १३ ऑक्टोबर, २३:२०. दुपारच्या गाड्यांची तारीख बरोबर, टाइम तेवढा मागं, पण पहाटे साडेपाचच्या आतल्या सगळ्या गाड्या आदल्या दिवशी पडल्या अन आडत्या म्हणायलाय तेरा तारखेला तुमची गाडीच नाही आली. काट्याचं घड्याळ तर बरोबर हाय हो, मोबाईलशी लावून बघितलं.

अजून एक. जुन्या सॉफ्टवेअरच्या फाईलमधी सरळ ०५/१०/२०२४ अशा तारखा हायेत, तर १२ तारखेपर्यंतच्या उजवीकडं चिकटतेत, १३ पासूनच्या डावीकडं. सॉर्ट केलं की सगळा काला होतो.

---

दादा, काट्यात काही खोट नाही. ते सेकंद युटीसीचे, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेचे असतात, आपण त्याच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे १९८०० सेकंद. भागायच्या आधी ते मिळवा. मूळ कॉलम खोडू नका, शेजारी नवीन करा. २५५६९ म्हणजे एक्सेल १९०० पासून दिवस मोजतं, त्याच्या हिशोबात १ जानेवारी १९७० चा नंबर तो.

दुसऱ्या फाईलचं, तुमचा कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर दिसतोय. तो महिना आधी धरतो, त्यामुळं ५ ऑक्टोबरचं १० मे झालं, अन तेरावा महिना नसतो म्हणून १३ पासूनचं नुसतं अक्षर समजून डावीकडं सोडलं. विंडोजमधी रिजन इंडिया करा अन मूळ फाईल परत उघडा. आधी एक्सेलमधी सेव्ह केलेली असंल तर ती आपोआप सुधरत नसती.

---

१९८०० मिळवले, ट्रॉली ४:५० ला आली बगा! लई आभार. मे महिन्यात सोयाबीन कुठून आलं म्हणून मीच डोकं खाजवत होतो. पण ती फाईल मी सेव्ह करून बसलोय, आता मूळची काट्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधी हाय का सकाळी बघतो.