नववीतली भाची म्हणते, "आपली माणसं आळशीच"

नागली:
नमस्कार. मी मूळची सुरगाणा तालुक्यातली, कोकणा आदिवासी. नर्स आहे, नाशकात म्हसरूळला राहते. भावाची मुलगी शिकायला माझ्याकडे असते. नववीत आहे, गणितात पक्की. परवा जेवताना सहज म्हणाली, "आत्या, आपली माणसं आळशीच ना, म्हणून मागे राहिली." रागाने नाही, रडून नाही. आज भाजीत मीठ जास्त झालंय म्हणावं, तसं.

तिचा बाप भात-नागलीची कापणी उरकली की टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांत उतरतो. विरळणी, डिपिंग, मग माल काढणं. डिसेंबरच्या थंडीत पहाटे औषधाच्या पाण्यात घड बुडवायचे, हात बधिर होतात. वहिनीही सोबत. राहायला बांधावर कागदाचं पाल. ही पोरगी लहानपणी त्याच पालात धाकट्या भावाला सांभाळत बसायची, म्हणजे सगळं डोळ्यांनी बघितलंय. माझे वडील २०१८ च्या मार्चमध्ये वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत मोर्च्यात चालत गेले, जवळपास १८० किलोमीटर. वर्गात कुणीतरी मोबाइलवर त्या मोर्च्यातले फोड आलेले पाय दाखवले, तेव्हा "यात माझे आजोबा होते" हे तिने सांगितलं नाही. ते मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

डोळ्यांसमोर खोटी ठरणारी गोष्ट पोरीच्या डोक्यात खरी होऊन बसते कशी? "असं बोलू नये" हे सांगून झालंय. आता ती माझ्यासमोर बोलत नाही, एवढाच फरक.

बागवाला_निफाड:
ताई, तो शब्द कुठून येतो ते मी सांगतो, कारण आमच्याकडेच तो जास्त ऐकू येतो. फेब्रुवारी-मार्चला माल काढायचा. एक्स्पोर्टवाल्याची गाडी ठरलेली, साखर उतरलेली, आणि नेमका शिमगा येतो. तुमच्याकडे दिवाळीपेक्षा शिमगा मोठा. टोळी गावाला जाते, लवकर परतत नाही. आभाळ आलं की आमच्या पोटात गोळा. मग पारावर, औषधाच्या दुकानात, सगळीकडे एकच: "ह्यांना कामच नको." उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, दिलेली असते, त्यामुळे रागही येतो, खोटं कशाला बोलू. पण दिवाळीत आम्ही बागेकडे फिरकत नाही, त्याला सण म्हणतात. आणि ह्या टोळ्यांशिवाय माझी छाटणी एक ओळ पुढे सरकत नाही. शब्द आमच्या सोयीचा आहे. बांधावर खेळणाऱ्या पोरांना तो फुकट ऐकायला मिळतो.

मेघना_समुपदेशक:
वरचा प्रतिसाद फार आवडला. थोडी भर घालते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला होता. उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतली ३२१ आणि खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींतली ३२१ मुलं, कागदावरची भूलभुलैयाची कोडी, सोडवाल तसे पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. जात सर्वांसमोर जाहीर केली की मोठी दरी पडली. इथवर बरेच जण सांगतात आणि "बघा, न्यूनगंड" म्हणून थांबतात. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे: बक्षिसात चिठ्ठी काढण्याचा भाग आणला, म्हणजे फळ माणसाच्या हातात राहिलं नाही, तेव्हा ती दरी मिटली. म्हणजे मुलांना "मी ढ आहे" असं वाटत होतं असंच नाही. "इथे माझ्या कष्टाचं चीज होणार नाही" हा त्यांचा अंदाज होता, आणि आपल्या देशात तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

तुमच्या भाचीचं मला जरा वेगळं वाटतं. ती "आपली माणसं" म्हणते, "मी" म्हणत नाही. वर्गात बसायला जागा मिळावी म्हणून वर्गाचं मत आधी आपणच बोलून टाकायचं. माझ्याकडे येणारी बरीच हुशार मुलं हे करतात. हुशार असतात म्हणूनच करतात.

घाम_गाळा:
उगाच मानसशास्त्र. अभ्यास करा, पुढे जा. कोणी अडवलंय?

नागली:
अभ्यास ती करते. घाम तिचा बाप गाळतो. प्रश्न पुन्हा वाचा.

जुना_मास्तर:
मी नाशिकरोडचा, निवृत्त शिक्षक. आमच्याच घरातलं सांगतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढे होते, पुढे काही वर्षं तो चालला. आमचे आजोबा त्यात होते. आणि आजी? मंदिर खुलं झाल्यावरसुद्धा ती लांबूनच हात जोडायची. "आपला विटाळ कशाला." एका चुलीवर जेवणारी दोन माणसं! आजोबा तिला रात्र रात्र समजावायचे. ती हूं म्हणायची.

बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना लुगडं कसं नेसावं, जात ओळखू येणारे दागिने का टाकावेत, हे सांगितलं. लोकांना ते क्षुल्लक वाटतं, मला नाही वाटत. अंगावरची खूण रोज आरशात दिसते, भाषण महिन्यातून एकदा.

आजी बदलली ती १९५६ नंतर, वस्तीतल्या बायकांबरोबर बसून वंदना म्हणायला लागल्यावर. चारचौघींत आपला आवाज ऐकल्यावर. म्हणून सांगतो, पोरीला एकटीला बसवून व्याख्यान देऊ नका. पेठ-सुरगाण्याच्या मुली नाशकात होस्टेलवर भरपूर आहेत, त्यांच्यात जाऊ द्या.

नागली:
सगळ्यांचे आभार. होस्टेलचं बघते, ओळखीच्या दोघी-तिघी आहेत.

निफाडच्या भाऊंचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. शिमग्याचं ऐकून हसली, मग वही काढून बापाला फोन लावला: एकरी उक्तं (ठरवून घेतलेल्या कामाचे एकरकमी पैसे) किती, माणसं किती, पहाटे किती वाजता सुरू, किती वाजता सुट्टी. तासाला किती पडतात ते काढायचं होतं. भाऊ वैतागला, "तुला काय करायचंय, पुस्तक वाच." हिशोब अर्धाच राहिला, कारण उचलीतून किराण्याचे किती कापतात ते त्यालाच नीट सांगता येईना. भाऊ, तुमच्याकडे डिपिंगला एकरी काय देतात, सांगाल का? तिने विचारायला लावलंय.

बागवाला_निफाड:
व्यनि (खाजगी निरोप) करतो ताई. इथे आकडा टाकला तर शेजारचे बागवाले मला उभं करायचे नाहीत.